महाडचे तळे आणि देवनारचा डोंगर
पर्यावरणाचे कायदे पन्नास वर्षांत कुठवर आले? वस्तीच्या दारातून घेतलेला आढावा

१९२७ हे साल उच्चारले की आपल्या घरातील शाळकरी मूलसुद्धा पुढचे वाक्य पूर्ण करते. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. माणसाला पाण्याचा हक्क आहे, हे त्या दिवशी जगाला सांगितले गेले.

त्याच १९२७ सालाची आणखी एक नोंद आहे, ती मात्र कोणी पाठ करीत नाही. मुंबईतील देवनारचे डंपिंग ग्राउंड त्या सालापासून चालू आहे. सगळ्या शहराने खायचे, प्यायचे, नेसायचे आणि उरलेले सगळे खाडीकाठच्या या जागेवर नेऊन ओतायचे. त्या कचऱ्याचे आज डोंगर झाले आहेत. काही ठिकाणी त्यांची उंची चाळीस मीटरच्या घरात आहे. डोंगराच्या पायथ्याशी गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द अशा वस्त्या आहेत. तेथे कोण राहते, हे सुज्ञ वाचकांना सांगणे न लगे. त्यात दलित आहेत, बौद्ध आहेत, मुसलमान आहेत, गावाकडून पोटासाठी आलेले कष्टकरी आहेत.

२०२७ साली या दोन्ही घटनांना शंभर वर्षे पूर्ण होतात. म्हणून आज या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहू या.

पर्यावरण म्हटले की आपल्या मंडळींना वाटते, हा खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा विषय आहे. वाघ वाचवा, पक्षी मोजा, समुद्रकिनारी फिरायला जा. आपल्याला नोकरीची, घराची, पोरांच्या फीची चिंता, आपण त्यात कशाला पडायचे? परंतु बंधू-भगिनींनो, धूर सुटतो तेव्हा तो कोणाच्या छातीत जातो? नाला तुंबतो तेव्हा पाणी कोणाच्या घरात शिरते? आणि तो नाला उपसायला खाली कोण उतरतो? या तीन प्रश्नांची उत्तरे दिली की पर्यावरण हा विषय कोणाचा, हे आपोआप कळते.

महाडने शिकवलेला धडा

महाडचा लढा आपण दरवर्षी आठवतो. पण त्याच्या आधीची हकीकत फार थोड्यांना ठाऊक असते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर तळे खुले झाले होते! तरीही तीन वर्षे आपल्या माणसाला त्या पाण्याला हात लावण्याची सोय नव्हती.

१९२७ मध्ये माणसे चालत गेली, तेव्हा कागदावरचे अक्षर पाण्यापर्यंत पोहोचले. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्याचा प्रकार झाला, फिर्याद झाली, दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली.

यातून धडा असा की, सरकारने धोरण केले म्हणजे काम संपत नाही. ते धोरण वस्तीपर्यंत आणण्यासाठी माणसांना उभे राहावे लागते. हा धडा आपल्या समाजाइतका दुसऱ्या कोणी घेतलेला नाही. याच मापाने सरकारचे पर्यावरण धोरण मोजून पाहू.

कागदावरची वाटचाल

कागदावर पाहिले तर आपला देश मागे नाही, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद झाली. त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी तेथे बोलल्या आणि गरिबीचा व प्रदूषणाचा संबंध त्यांनी जगापुढे मांडला. १९७४ साली जलप्रदूषण रोखण्याचा कायदा झाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे आली. १९७६ सालच्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८-अ आला. पर्यावरणाचे रक्षण करण्यासाठी राज्याने झटावे, असे तो सांगतो. त्याच दुरुस्तीने अनुच्छेद ५१-अ मध्ये निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचेही कर्तव्य ठरवले. १९८१ साली हवेसाठी कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने कारखान्याशेजारच्या झोपडपट्टीतील हजारो माणसे मारली, आणि त्यानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला. कायद्याला जाग यायलाही गरिबांची प्रेते पडावी लागली, हे विसरता येत नाही.

न्यायालयांनीही मोलाची भर घातली. १९८० साली मध्य प्रदेशातील रतलामच्या नगरपालिकेने ‘गटारे बांधायला पैसे नाहीत’ अशी सबब सांगितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळून लावली. १९९१ साली एका निकालात याच न्यायालयाने सांगितले की, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ हवा हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अनुच्छेद २१ आपल्याला बाबासाहेबांच्या राज्यघटनेने दिला. तेव्हा शुद्ध हवा मागणारा माणूस सरकारकडे भीक मागत नाही, तो आपला मूलभूत हक्क मागतो.

२०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि पर्यावरणाच्या तक्रारींसाठी वेगळे न्यायपीठ मिळाले. पश्चिम विभागाचे पीठ पुण्याला आहे.

पण पावले नेहमी पुढेच पडतात असे नाही. २०२३ सालच्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षा काढून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंतचा दंड ठेवला. खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, दंड लवकर वसूल होईल, असा सरकारचा युक्तिवाद आहे. मोठ्या कारखानदाराला पंधरा लाखांचे भय किती वाटेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

मुदतीमागून मुदत

आता कागद बाजूला ठेवून पुन्हा डोंगराकडे वळू. शहरी कचऱ्याची दैना पाहून अलमित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यातून सन २००० मध्ये घनकचऱ्याचे नियम आले. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करा, ओल्याचे खत करा, उघड्यावर ढीग लावू नका, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. कचऱ्यावर प्रक्रिया करण्याची व्यवस्था उभारायला महापालिका आणि नगरपालिकांना ३१ डिसेंबर २००३ पर्यंत मुदत होती.

ती मुदत गेली. देवनारचे ढीग वाढतच राहिले. उच्च न्यायालयाने देवनार बंद करण्यासाठी मुदत दिली, ती वाढवून दिली, पुन्हा वाढवून दिली. आणि मग २०१६ चा जानेवारी उजाडला. प्रजासत्ताक दिन उलटून एक-दोन दिवस झाले असतील, देवनारचा डोंगर पेटला. धूर इतका की अवकाशातील उपग्रहांनी त्याची छायाचित्रे टिपली. त्या भागातील पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. मार्चमध्ये पुन्हा आग लागली.

ही आग लागते कशी, हे घरातल्या मुलांना समजावून सांगावे. भाजीचे देठ, उरलेले अन्न, फळांच्या साली असा ओला कचरा प्लास्टिकखाली दडपला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून तो कुजतो आणि त्यातून मिथेन नावाचा वायू तयार होतो. हा वायू पेट घेणारा असतो. वरून एक ठिणगी पडली की आतून धुमसत राहतो, दिवसच्या दिवस विझत नाही. दुसरीकडे कचऱ्यातून काळे पाणी झिरपते, जमिनीत आणि ठाण्याच्या खाडीत उतरते. हीच खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पक्ष्यांना संरक्षण मिळाले याचा आनंदच आहे. पण तोच वारा आणि तेच पाणी असलेल्या काठावरच्या माणसांना कोणत्या यादीत घालायचे?

आगीनंतर २९ फेब्रुवारी २०१६ रोजी उच्च न्यायालयाने एक कडक आदेश दिला. कचऱ्याची सोय होत नाही तोवर मुंबईत नव्या इमारतींना परवानगी नको! वस्तीचा खोकला वर्षानुवर्षे कोणाला ऐकू आला नव्हता, बांधकामे थांबताच मात्र सगळ्यांना कचऱ्याची आठवण झाली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी सशर्त सैल केली.

एप्रिल २०१६ मध्ये घनकचऱ्याचे नवे नियम आले. जुन्या डंपिंगचा निकाल पाच वर्षांत लावा, असे त्यात म्हटले होते. २०२१ साली स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला आणि जुने ढीग हटवण्याचे उद्दिष्ट पुढच्या पाच वर्षांत गेले.

काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोराईचे डंपिंग बंद करून त्यावर आच्छादन घातले गेले, तेथे आता हिरवळ दिसते. मुलुंडचे डंपिंग २०१८ साली बंद झाले आणि सत्तर लाख टन जुना कचरा उकरून, चाळून हटवण्याचे काम सुरू झाले. मुंबईचा बहुतेक कचरा आता कांजूरमार्गला जातो. त्या जागेचा वादही न्यायालयात आहे. मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तिला संरक्षित वन ठरवले आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देवनारसाठी २०२५ साली पालिकेने काम काढले. सुमारे एकशे दहा हेक्टरवरचा १८५ लाख टन कचरा तीन वर्षांत हटवायचा, त्यासाठी दोन हजार कोटींहून अधिक खर्च करायचा.

म्हणजे सगळ्यात जुना डोंगर सगळ्यात शेवटी. असे का, हा प्रश्न विचारायला आपण कचरू नये.

आणि आणखी एक प्रश्न. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने देवनारच्या या जागेपैकी सुमारे १२४ एकर धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचा निर्णय घेतला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, बंद झालेल्या डंपिंगच्या हद्दीत आणि भोवती शंभर मीटरपर्यंत घरे, शाळा, दवाखाने नसावेत. गरिबाला घर हवेच. पण ते घर कोणत्या जमिनीवर उभे राहते, त्या जमिनीतला वायू आणि काळे पाणी संपले की नाही, हे तपासून लेखी दिल्याशिवाय कोणत्याही कुटुंबाला तेथे पाठवू नये. गावकुसाबाहेर राहण्याची शिक्षा आपल्या पूर्वजांनी पुष्कळ भोगली. ती नव्या नावाने पुन्हा येत असेल तर डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

कचरा वाहणारे हात

या सगळ्या धोरणात ज्यांच्या हाताने काम होते ती माणसे कुठे आहेत? मुंबईच्या सफाई कामगारांत आपले बौद्ध बांधव मोठ्या संख्येने आहेत. ज्याची नोकरी कायम त्याला निदान पगार, रजा, दवाखाना आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरीही मिळते. पण ठेकेदाराकडच्या कामगाराला काय? तीच गाडी, तोच कचरा, तीच दुर्गंधी, आणि हातात मात्र अर्धी मजुरी. कित्येकांना तर कामगार न म्हणता ‘स्वयंसेवक’ म्हटले गेले, म्हणजे किमान वेतनाचा प्रश्नच नको!

कचरा वाहतूक श्रमिक संघाने याविरुद्ध दीर्घ लढा दिला. ठेका हा केवळ देखावा आहे, खरा मालक महापालिकाच आहे, असे औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली ठरवले आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश उचलून धरला. हीसुद्धा पर्यावरण रक्षणाचीच लढाई होती, असे आम्ही मानतो. कारण ज्या शहरात कचरा उचलणाऱ्याचा जीव स्वस्त, त्या शहराची स्वच्छता हा नुसता रंग आहे.

२०१६ च्या नियमांत एक चांगली तरतूद केली गेली. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क मिळालेच पाहिजेत. कचरा वेचणाऱ्या भगिनींना ओळखपत्र देऊन व्यवस्थेत सामावून घ्यावे, असेही त्या नियमांनी सांगितले. ही माणसे शहराच्या सुक्या कचऱ्याचा मोठा भाग भंगाराच्या वाटेने पुन्हा कामाला लावतात, सरकारचा खर्च वाचवतात. त्यांच्या हातात मोजे आहेत का, हे पाहिले तरी नियम कुठवर पोहोचला ते कळेल.

गटारात उतरून मरणाऱ्यांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पण भरपाई म्हणजे गेलेला बाप नव्हे. माणूस आत उतरवायचाच नाही, यंत्र उतरवायचे, हा २०१३ च्या कायद्याचा खरा अर्थ आहे.

सम्राट अशोकाचे दीर्घकालीन धोरण

पर्यावरणाचे सरकारी धोरण ही परदेशातून आलेली नवलाई आहे, असे कोणी म्हटले तर त्याला सम्राट अशोकाचे लेख दाखवावेत. रस्त्याच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधी वनस्पती लावल्या, असे त्याने दगडावर कोरून ठेवले. विनाकारण रान जाळू नये, असाही त्याचा हुकूम आहे. आपल्या मुंबईजवळ नालासोपाऱ्यालाही त्याच्या लेखांचे तुकडे सापडले आहेत. विशेष हे की, नुसता हुकूम कोरून तो थांबला नाही. धम्माचे काम लोकांपर्यंत जाते की नाही हे पाहण्यासाठी त्याने धम्ममहामात्र नेमले.

तथागतांनी तर भिक्खूंच्या रोजच्या वागणुकीतच हे घातले. निरोगी भिक्खूने पाण्यात किंवा हिरवळीवर थुंकू नये, घाण करू नये, असा विनयाचा नियम आहे. वर्षावासाच्या नियमामागेही पावसाळ्यात कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जाऊ नयेत, हा विचार आहे. बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेला आणि देशाच्या जलधोरणाला दिशा दिली. पुढच्या पिढ्यांचे पाणी आज मोजायचे, हा वारसा आपल्याच घरचा आहे.

घरात, विहारात, वस्तीत

तेव्हा आता सरकारकडे बोट दाखवताना आपल्या घरापासून सुरुवात करू.

घरात दोन डबे ठेवा, एक ओल्याचा, एक सुक्याचा. खोली दहा बाय दहाची असली तरी दोन डबे मावतात. सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. फुटलेली काच, ब्लेड, सुई उघडी टाकू नका. ती कोणाच्या तरी हातात घुसते, आणि तो हात बहुधा आपल्याच माणसाचा असतो. हे काम एकट्या घरच्या लक्ष्मीवर टाकू नये, मुलांनी आणि पुरुषांनीही वाटून घ्यावे.

विहारात वंदनेनंतर महिन्यातून एक दिवस या विषयाला द्यावा. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या दिवशी लाखो अनुयायी जमतात. तेथील पाण्याच्या बाटल्या आणि पत्रावळी दुसऱ्या दिवशी कोण उचलतो, याचे भान प्रत्येक मंडळाने ठेवावे.

वस्तीत आठ-दहा घरांनी मिळून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. घंटागाडी किती वाजता येते, ओला कचरा कुठे जातो, ठेकेदाराने कामगारांना मोजे व बूट केव्हा दिले, हे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येते. उत्तर आले नाही तर अपील करता येते. वेळ पडली तर पुण्याच्या हरित न्यायाधिकरणाचे दार आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. शिकलेल्या तरुणांनी हे अर्ज लिहून द्यावेत, यापरते चांगले समाजकार्य नाही.

बाबासाहेबांनी ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे सांगितले, ते या लढ्यालाही लागू आहे. १९२४ सालच्या महाडच्या ठरावाला १९२७ ची पावले लागली. कचऱ्याच्या नियमांनाही पावले लागणार आहेत, आणि ती आपलीच असणार आहेत.

२०२७ च्या २० मार्चला आपण महाडला जाऊ, तळ्याला अभिवादन करू. त्या दिवशी देवनारच्या पायथ्याशी राहणारी एखादी आई आपल्या लेकराला घेऊन आपल्या शेजारी उभी असेल. त्या लेकराची छाती मोकळी व्हावी, यासाठी आपण काय केले, याचे उत्तर तोवर आपल्यापाशी असावे, एवढीच अपेक्षा.

जय भीम!